सातव्या प्रश्नापुढचं ‘नाही’

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या ताईंपुढे खोटं फार वेळ टिकत नसे. गिऱ्हाईक दारातूनच सांगत यायचं, "काही केलं नाही हो ताई, आपोआप बंद पडलं." ताई हो-ना काही म्हणायच्या नाहीत. चाक अर्धा फेरा फिरवायच्या, कान जवळ नेऊन ऐकायच्या, सुई सोडवून तिचं टोक नखावरून ओढायच्या आणि चष्म्याच्या वरून बघत विचारायच्या, "जीन्स घेतली होतीत ना शिवायला? तीही कमरेपाशी, सहा पदर येतात तिथं?" समोरची बाई गोरीमोरी व्हायची. सव्वीस वर्षं हेच केल्यावर ताईंचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस पहिल्या वाक्यात खरं सांगत नाही. दुसऱ्या वाक्यात सांगितलं तर तो भला माणूस म्हणायचा.

हा संशय कामापुरता राहिला नव्हता. रस्त्याकडेच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत कुणी नवा माणूस आला की आधी त्याच्या चपलांकडे बघायच्या, मग चेहऱ्याकडे. मुलगी चेष्टा करायची, "आई, तू घड्याळालाही विचारशील, खरंच पाच वाजलेत का म्हणून."

"ते मागे पडतं," ताई म्हणायच्या. "त्याला विचारायलाच हवं."

पण दुसऱ्याचं झाकलेलं उघडं करणाऱ्या या बाईंनी स्वतःची एक गोष्ट मात्र कुणाला ताकास तूर लागू न देता जपली होती. एकोणिसाव्या वर्षापासून त्यांना फिट यायची. अंग आखडायचं, शुद्ध जायची, पाच-दहा मिनिटांनी जागं झालं की जीभ चावलेली असायची. गोळ्या सुरू झाल्यावर दोन फिटमधलं अंतर महिन्यांचं झालं, मग वर्षांचं. शेवटची मोठी फिट सात वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरात आली होती. हे ठाऊक होतं ते फक्त नवऱ्याला, मुलीला आणि डॉक्टरांना. गिऱ्हाइकांना कळलं तर विजेच्या मशीनजवळ बसणाऱ्या बाईकडे कोण काम देईल, ही धास्ती. म्हणून गोळ्यांची पट्टीसुद्धा सुयांच्या रिकाम्या डबीत असायची.

नवरा बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होता. कारखान्याचा आरोग्य विमा सगळ्या कुटुंबाला लागू असे आणि त्यात कुणी कुणाला काही विचारत नसे. मागच्या वर्षी नवरा गेला. वर्ष सरता सरता कारखान्याचं पत्र आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, आणि महिनाअखेर आपल्या कुटुंबाचं विमा संरक्षण संपत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात. मुलीला तिच्या नोकरीत नुकताच तिच्यापुरता विमा मिळाला होता, आईचा त्यात समावेश नव्हता. म्हणजे प्रश्न ताईंचा एकटीचाच होता.

"आपण नवीन घेऊ," मुलगी म्हणाली. "सोपं असतं आता. फोनवर होतं."

ताईंच्या मनात शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली. सोपं असतं म्हणजे कुणासाठी?

पहिल्या फोनवर एक मुलगी इतकी गोड बोलली की ताईंना वाटलं, ओळखीतलीच कुणीतरी असावी. वय विचारलं, वजन विचारलं, हप्ता सांगितला. हप्ता परवडण्यासारखा होता. मग त्याच गोड आवाजात तिनं विचारलं, "मॅडम, आधीपासूनचा काही आजार?" ताईंनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या अकरा नंबरांवरून फोन आले. सगळ्यांना त्यांचं वय माहीत होतं.

"बघ," ताई मुलीला म्हणाल्या. "एकीला सांगितलं, अकरा जणांना कळलं. आजार सांगितला असता तर?"

मग मुलीनं संगणकावर फॉर्म भरला. आजारांच्या यादीत फिटसमोरच्या चौकोनात खूण करेपर्यंत पडद्यावर हप्त्याचा आकडा दिसत होता. खूण केली आणि आकडा गेला. त्याजागी ‘आमचे प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील’ अशी ओळ आली. मुलीनं खूण काढली, आकडा परत आला. पुन्हा केली, पुन्हा गेला. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या कंपनीचं उत्तर चार दिवसांनी आलं, दोन ओळींचं. आपला अर्ज स्वीकारता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीनं होकार दिला, पण हप्ता असा सांगितला की ताईंनी विचारलं, "हा वर्षाचा, की जन्माचा?"

महिना संपायला अकरा दिवस उरले तेव्हा घरात विषय निघाला तो चुलतदिराचा. नवऱ्याचा हा चुलतभाऊ विम्याची कामं करायचा. हसतमुख, बोलका, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. ताई त्याला एरवी चार हात लांबच ठेवत. फार हसणारा माणूस त्यांना आवाज न करणाऱ्या मशीनसारखा वाटे, म्हणजे आत काय चाललंय ते कळत नाही. पण वेळ आली होती. त्यांनी त्याला बोलावलं, चहा केला, मुलीला आतल्या खोलीत पाठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला सांगितलं.

"भाऊजी, मला फिटचा त्रास आहे. जुना. गोळी चालू आहे."

चुलतदिरानं बशीत चहा ओतता ओतता मान हलवली. "शेवटची कधी आली होती वहिनी?"

"सात वर्षं झाली."

"मग काय! सात वर्षांत माणसं लग्न विसरतात. तुम्ही काळजी करू नका, मी बघतो."

"बघतो म्हणजे काय करणार?"

"वहिनी, हा माझा रोजचा धंदा आहे. इथं सही करा, आणि इथं, आणि या फुलीपाशी. बाकीचं ऑफिसात बसून भरतो."

फॉर्म कोरा होता. ताईंचा हात थबकला. कोऱ्या पावतीवर त्यांनी कधी सही केली नव्हती, आणि इथं तर सहा पानं कोरी. पण दिवस अकराच होते, माणूस घरचा होता आणि आपणच संशयखोर आहोत हे मुलगी रोज ऐकवत होती. त्यांनी तिन्ही ठिकाणी सह्या केल्या.

आठ दिवसांत पॉलिसी आली, जाडजूड बत्तीस पानांची. हप्ता पहिल्या फोनवर सांगितला होता तेवढाच. मुलगी खूश झाली. "बघ, झालं की नाही?"

ताईंना मात्र नेमकं तेच खटकलं. आजार सांगूनही हप्ता न सांगितल्याएवढाच कसा? कुठंतरी पाणी मुरत होतं. रविवारी सकाळी त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, सुईच्या नाकातली कुसळं बघायचं भिंग काढलं आणि बत्तीस पानं पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली. दुपारचं जेवण राहिलं. एकोणतिसाव्या पानावर त्यांच्याच अर्जाची प्रत होती. प्रश्न सातवा. फिट, आकडी, चक्कर किंवा मेंदूचा कोणताही विकार आहे वा होता काय? पुढे चुलतदिराच्या वळणदार अक्षरात एक शब्द. नाही. आणि पानाच्या तळाशी, ‘वरील माहिती मी स्वतः दिली असून ती खरी आहे’ या वाक्याखाली ताईंची सही.

पाच पानं मागे जाऊन त्यांनी आधी वाचलेलं कलम परत वाचलं. माहिती दडवल्याचं आढळल्यास पॉलिसी रद्द, दावा नामंजूर. त्यांनी फोन लावला.

"भाऊजी, सातव्या प्रश्नापुढे नाही का लिहिलंत?"

"अहो वहिनी, हो लिहिलं असतं तर मिळाली असती का?"

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मला सांगितलंत ना? मग झालं. कंपनीला कशाला? सगळे असंच करतात."

"त्या सगळ्यांना दवाखान्याचे पैसे मिळतात?"

"मिळतात की. म्हणजे, बहुतेकांना."

"आणि ज्यांना मिळत नाहीत त्यांच्याकडे तुम्ही जाता का नंतर, चहा प्यायला?"

तो दुखावला. घरच्या माणसावर विश्वास नसेल तर पुढे माझं नाव काढू नका, म्हणाला. ताईंनी फोन ठेवला आणि पुस्तिकेतलं आणखी एक कलम शोधून काढलं. पॉलिसी हाती पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. सतरावा दिवस चालू होता. सोमवारी मुलीनं कामावर अर्धी रजा टाकली, दोघी कंपनीच्या कार्यालयात गेल्या आणि कागद परत करून, शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर आल्या. कारखान्याचा विमा तोवर संपला होता. आता ताईंकडे काहीच नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने वाईट गेले. जिना उतरताना त्या कठडा घट्ट धरायच्या. रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लावायच्या. शिवाय नवीनच भुंगा डोक्यात शिरला, की चुलतदीर रागावलाय, तो कुणाकुणाला सांगेल? शाळेच्या शिवणबाई सहा मशीनं तपासायला देणार होत्या, त्यांनी अचानक नको म्हटलं. ताईंनी सुतावरून स्वर्ग गाठला. झालं, पोचली बातमी. आठवडाभर त्या मनातल्या मनात चुलतदिराशी भांडत राहिल्या. पुढे कळलं, शाळेनं शिवणाचा तासच बंद केला होता आणि मशीनं विकायला काढली होती.

"त्या बिचाऱ्यानं काही सांगितलं नसणार, आई," मुलगी म्हणाली. "तो खोटं लिहितो, पण चहाडखोर नाही."

ताईंना हे पटलं नाही.

याच सुमारास ताई कटिंगच्या क्लासमध्ये मशीनं बघायला गेल्या. क्लास एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर होता. तो चालवणाऱ्या बाई शिवणकाम करणाऱ्यांच्या संस्थेच्या चिटणीसही होत्या. कमी बोलणाऱ्या, पैशाला घट्ट, कायम गळ्यात टेप. ताईंचं आणि त्यांचं कधी फारसं जमलं नव्हतं. पण तिथं भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. संस्थेच्या सभासदांसाठी सामूहिक आरोग्य विमा, आधीचे आजार असलेल्यांचाही विचार होईल. हप्ता वाचून ताईंनी नाक मुरडलं.

"एवढ्यात कसं परवडतं कंपनीला?"

"आम्ही चारशे जणी आहोत," क्लासच्या बाई खडूनं खुणा करता करता म्हणाल्या. "सगळ्या एकदम आजारी पडत नाही."

ताई घरी गेल्या आणि वहीच्या पानावर चौदा प्रश्न लिहून तिसऱ्या दिवशी परत आल्या. क्लासच्या बाईंनी कागद घेतला, वाचला. अकरा प्रश्नांची उत्तरं दिली. मग म्हणाल्या, "चार, नऊ आणि तेरा. हे मला माहीत नाही."

ताई चमकल्या. या सगळ्या उठाठेवीत ‘माहीत नाही’ म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

"कंपनीला लेखी विचारते," बाई म्हणाल्या. "तोंडी उत्तर मीही धरत नाही."

आठ दिवसांत लेखी उत्तरं आली. तेराव्या प्रश्नाचं उत्तर ताईंच्या सोयीचं नव्हतं, आणि तरीही बाईंनी ते न लपवता पुढे सरकवलं. आधीच्या आजाराला पहिली दोन वर्षं पैसे मिळणार नाहीत, बाकी सगळ्याला तीस दिवसांनंतर मिळतील.

आता अडलं ते सभासदत्वाशी. संस्था शिवणाऱ्यांची, आणि ताई शिवत नसत.

"दुरुस्तीनंतर फडक्यावर टाके मारून बघता ना?" तिथं बसलेली एक शिकाऊ बाई म्हणाली. "मग शिवताच की! लिहा, व्यवसाय शिंपीकाम."

"नाही लिहायचं," ताई एकदम म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "मी शिवत नाही. एकदा दुसऱ्याच्या अक्षरात माझं ‘नाही’ लिहिलं गेलंय. आता ‘होय’ नको."

क्लासच्या बाईंनी कपाटातून संस्थेची नियमावली काढली. चष्मा सावरत पानं उलटत राहिल्या. पाचव्या नियमात सापडलं. शिवणकाम करणारे व त्या व्यवसायाशी संबंधित कारागीर. "संबंधित कारागीर," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ताईंनी भिंग काढून ते स्वतः वाचलं, मगच फॉर्म घरी नेला आणि स्वतःच्या हातानं भरला.

सोबत डॉक्टरांचा दाखला हवा होता. म्हातारे डॉक्टर तीस वर्षं त्यांच्यावर उपचार करत होते. त्यांनी कागद ओढला आणि मोठ्यानं म्हणत लिहू लागले, "औषधं नियमित. गेली सात वर्षं एकही झटका नाही..."

ताई खुर्चीच्या हाताचं सुटलेलं रेक्झिन बोटानं दाबत होत्या. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या इस्त्री करत होत्या. मग त्यांना जळका वास आला, आणि इस्त्री कापडावर तशीच होती, खाली तपकिरी डाग. मधला वेळ कुठं गेला ते कळलंच नाही. मुलगी संध्याकाळी आली तेव्हा ताईंनी सांगितलं होतं, फोन आला होता गं, बोलण्यात विसरले. डॉक्टरांना तर तेवढंही सांगितलं नव्हतं. दाखला तयार होत होता. सही झाली की काम फत्ते. आणि बाहेर पडायच्या आत त्या स्वतःच आपल्या नजरेत ‘काही केलं नाही हो’ म्हणणाऱ्या बाई झाल्या असत्या.

"डॉक्टर, थांबा. एकदा झालं होतं काहीतरी."

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ताईंना वाटलं, आता बोलणार. पण त्यांनी आधी पापण्या फडफडल्या का, वास आधी आला की नंतर, असे बारीकसारीक प्रश्न विचारले आणि मग एवढंच म्हणाले, "दोन वर्षं गोळीचं माप चुकीचं घेत होतात तुम्ही. मला कळलं असतं तर तेव्हाच वाढवलं असतं." त्यांनी दाखल्याचा कागद फाडला, नवीन घेतला आणि इस्त्रीची दुपार त्यात लिहिली.

त्या संध्याकाळी ताईंनी मुलीलाही सांगितलं. मुलगी म्हणाली, "फोन कुणाचा होता म्हणून मी तेव्हा विचारलंसुद्धा नव्हतं. तू सांगितलंस, मी धरून चालले." ताईंना ते फार लागलं.

कंपनीचा निर्णय यायला तीन आठवडे लागले. हप्त्यावर जादा आकार लावून मंजुरी आली. ताईंनी पत्र तीनदा वाचलं, सातवा प्रश्न आपल्याच अक्षरात ‘होय’ आहे हे पाहिलं आणि पैसे भरले. जीव भांड्यात पडला असं म्हणता येणार नाही. त्यांचा जीव भांड्याच्या काठावर बसला, इतकंच.

पॉलिसीच्या पाचव्या महिन्यात, क्लासचा जिना उतरताना त्यांचा पाय घसरला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवायची शस्त्रक्रिया करावी लागणार होती. दवाखान्यातून कंपनीला कागद गेले आणि तिकडून उलट प्रश्न आला. विमाधारक फिट येऊन पडल्या काय?

ताई पलंगावर उठून बसल्या. "मला ठाऊकच होतं. खरं लिहिलं ना, म्हणून आता प्रत्येक ठेच फिटच्या नावावर. हे पैसे बुडवायचे धंदे."

"विचारलंय फक्त, आई. नाही म्हटलेलं नाही," मुलगी म्हणाली.

"विचारायची पद्धत बघ ना."

क्लासच्या बाई भेटायला आल्या तेव्हा ताईंना अवघडल्यासारखं झालं. अर्जातला आजार फक्त कंपनीला आणि चिटणीस म्हणून त्यांना ठाऊक होता. त्याबद्दल दोघींमध्ये एक शब्दही झाला नव्हता. बाईंनी प्रश्नाचा कागद वाचला आणि मुलीकडे कोरा कागद मागितला. मांडीवर पर्स ठेवून, तिच्यावर कागद धरून त्या लिहू लागल्या. लिहून झाल्यावर ताईंच्या हातात दिला. ताई वाचल्याशिवाय काही पाठवू देणार नाहीत, हे बाईंना आता माहीत होतं.

कागदावर लिहिलं होतं, ‘मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होते. त्या शुद्धीत होत्या आणि माझ्याशी बोलत होत्या. जिना मी पंधरा मिनिटांपूर्वी पुसला होता. ओला आहे हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी आहे.’

ताईंनी कागद दोनदा वाचला. "शेवटचं वाक्य त्यांनी विचारलेलं नाही."

"विचारलं नाही म्हणून काय झालं," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचं पत्र आणि हा कागद असे दोन्ही गेले. मधला एक पूर्ण दिवस ताईंनी त्या उत्तराची वाट बघत आणि येणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला ‘काही कळलं का’ विचारत काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. ताईंनी विम्याच्या खिडकीतल्या माणसाला संगणकाचा पडदा आपल्याकडे फिरवायला लावला आणि आपलं नाव, आपलं वय, मंजूर हा शब्द, सगळं स्वतः बघितलं. हातमोजे, कापूस असल्या काही वस्तूंचे पैसे वगळले होते. ते का, हे त्यांनी दोनदा विचारलं, आणि दुसरं उत्तर पहिल्यासारखंच आल्यावर सोडून दिलं.

प्लॅस्टर असतानाच एकदा त्या क्लासमध्ये गेल्या. क्लासच्या बाई चहा देता देता हळूच म्हणाल्या, "एक विचारू? तुम्हाला इथं कधी फिट आली, तर मी काय करायचं? मला खरंच माहीत नाही."

खोलीत नऊ-दहा बायका होत्या. मशीनं चालू होती. ताईंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं, नेहमीसारखं, चष्म्याच्या वरून. मग म्हणाल्या, "एकदम सगळ्यांनाच सांगते. मशीनं बंद करा जरा."

आवाज थांबला. सव्वीस वर्षांत त्या इतक्या लोकांसमोर स्वतःबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. घसा खाकरून त्यांनी सांगितलं, की कात्री-सुया लांब सरकवायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, अंग दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, अंगाचे झटके थांबले की कुशीवर वळवायचं. "आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची."

खिडकीजवळच्या एका बाईंनी विचारलं, "आणि शुद्धीवर आल्यावर?"

"शुद्धीवर आल्यावर मी विचारेन, किती मिनिटं झाली," ताई म्हणाल्या. "खरं सांगायचं. माझ्या लगेच लक्षात येतं."

दोघी-तिघी हसल्या. त्या हसण्यात काय आहे, ते ताई थोडा वेळ निरखत राहिल्या. काही वावगं सापडलं नाही. मग मशीनं पुन्हा सुरू झाली, आणि ताईंनी उजव्या हातानं चहाचा कप उचलला.